पाडा ते नाशिक : आदिवासी बायकांच्या स्थलांतराचा अभ्यास कसा करावा

आदिवासी बायकांच्या स्थलांतरावर काम करायचे ठरले की नाशिकमधला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहतो. सकाळी सात ते नऊ तिथे बायका भेटतात, प्रश्नावल्या भरून होतात, महिनाभरात शंभर अर्ज जमतात. त्या शंभर अर्जांतून कळते ते एवढेच, की त्या वेळी नाक्यावर कोण उभे होते. ज्यांना मुकादमाने पाड्यावरूनच पिकअपमध्ये बसवून थेट बागेवर नेले, ज्या बांधकामाच्या शेडमध्ये राहतात, ज्या अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागल्या, ज्या कॉलेज रोडला धुणीभांडी करतात, ज्या नर्सिंगला आल्या आणि इथेच नोकरीला लागल्या, त्यांतली एकही नाक्यावर नसते.

म्हणून आमचा सल्ला असा, की सुरुवात पाड्यावरून करावी. एका पाड्यातली सगळी घरे नोंदवावीत, तिथून बाहेर गेलेली प्रत्येक बाई कुठे आहे ते काढावे आणि मग तिच्या मागे शहरात यावे. यात वेळ जातो. पण बाई ‘गेली’ आणि ‘आली’ यांच्या मधले सगळे या पद्धतीतच सापडते, आणि अभ्यासाचा खरा विषय तोच असतो.

आधी विषय लहान करा

‘आदिवासी स्त्रियांचे शहरी जीवन’ हे एका प्रबंधात मावत नाही. नाशिकपुरते पाहिले तरी वेगवेगळे प्रवाह दिसतात. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी येणाऱ्या टोळ्या. शहरात बांधकामावर राहणारी जोडपी. सातपूर-अंबडला खोली घेऊन तिघी-चौघी मिळून राहणाऱ्या मुली. शासकीय वसतिगृहातल्या विद्यार्थिनी. नोकरदार बायका, आणि त्यांच्या शहरातच वाढलेल्या मुली. शिवाय रोज ये-जा करणाऱ्या, म्हणजे त्र्यंबक-हरसूल-पेठच्या बाजूने करवंदे, जांभळे, रानभाज्या घेऊन येणाऱ्या आणि संध्याकाळच्या एसटीने परतणाऱ्या बायका. या शेवटच्या गटाला कोणतीच पाहणी ‘स्थलांतरित’ म्हणत नाही. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा मुक्काम करायचा की रोज यायचे हा हिशोब अनेक घरांत नव्याने मांडला गेला असणार. एवढा एक प्रश्न घेतला तरी एमएच्या प्रबंधाला पुरतो. यांतला एक प्रवाह निवडा, फार तर दोन.

जमातीही एका पोत्यात भरू नका. पेठ, सुरगाणा, कळवणकडचे कोकणा, त्र्यंबक-इगतपुरीकडचे महादेव कोळी आणि ठाकर, वारली, कातकरी, बागलाण-मालेगावकडचे भिल्ल यांची जमीन, शिक्षण, नातेसंबंध आणि कामाच्या वाटा वेगळ्या आहेत. कातकरी कुटुंब उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन वीटभट्टीवर जाते, तेव्हा लेकरांसकट सगळे घर उठते. थोडी भातशेती असलेल्या घरातून बरेचदा धाकटे जोडपे जाते आणि म्हातारी माणसे गुरे सांभाळायला राहतात. दोन्हींची सरासरी काढली तर ती कोणालाच लागू पडत नाही.

आकडे कुठे मिळतील, आणि कुठे फसवतील

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या साधारण चौथा हिस्सा आहे आणि पेठ व सुरगाणा या तालुक्यांत ती ९५ टक्क्यांहून जास्त आहे. गाववार आकडे मिळतात, पण पाडावार मिळत नाहीत. एका महसुली गावात पाच-सहा पाडे असतात आणि त्यांतल्या एकाच पाड्यातून सगळे मजूर जात असू शकतात.

जनगणना बाईला स्थलांतराचे एकच मुख्य कारण विचारते. लग्न होऊन आलेली बाई ‘लग्न’ म्हणून नोंदली जाते, मग ती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून टोळीबरोबर बागेवर राबत असली तरी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या अशी होती : कामासाठी वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर. म्हणजे पंधरा दिवस छाटणीला जाऊन आलेली बाई त्यात बसत नाही. आणखी एक बारकावा कायम ध्यानात ठेवा. २०११ ची मुख्य गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. तो ऐन द्राक्षकाढणीचा काळ. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याने जिथे होता तिथे मोजले जावे असा नियम होता. त्यामुळे डोंगरी तालुक्यांचे आणि बागाईत तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढताना हात आखडता घ्या.

जास्त उपयोगी कागद स्थानिक असतात. अंगणवाडीची सर्वेक्षण नोंदवही, शाळेचा हजेरीपट (दिवाळीनंतर कोणाची नावे गळतात ते पाहा), पालक कामाला जातात म्हणून गावात हंगामी वसतिगृह चालते का, आणि रोजगार हमीच्या जॉबकार्डावरचे दिवस. जॉबकार्डाची नोंद संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कोणत्या महिन्यांत पूर्ण गावाचे काम शून्यावर येते ते आधी काढून ठेवा. पण त्या शून्यावर भिस्त ठेवू नका : माणसे बाहेर गेली म्हणूनही शून्य येते आणि काम निघालेच नाही म्हणूनही. जमातींची पार्श्वभूमी वाचायला पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे.

वर्षाचे वेळापत्रक शेतीवर बसवा

विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे गेलात तर मोकळी घरे सापडतील. जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. सगळ्या बायका पाड्यावर असतात, पण दिवसभर चिखलात. या दिवसांत मुलाखत घेऊ नका, बांधावर जा, जमेल तेवढे हाताला हात लावा आणि ओळख करून घ्या. भाद्रपदात थोडी सवड असते, घरयादी तेव्हा करावी. सप्टेंबर-ऑक्टोबरला बागांत गोडी छाटणी सुरू होते आणि पहिल्या टोळ्या निघतात. भात-नागली निघाल्यावर, दिवाळीनंतर मोठी रवानगी होते. उचल कोणी दिली, टोळीत कोण कोणाच्या नात्याने घुसले, हे पाहायचे तर त्या पंधरवड्यात पाड्यावर मुक्काम हवाच. जानेवारी ते मार्च बागेवर. शिमग्याला माणसे परत येतात आणि हिशोब बहुधा त्याच्या आधी चुकता होतो. हिशोबाची वही पाहायची संधी या आठवड्याइतकी पुन्हा मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणीला पुन्हा काही जण जातात. मे महिना लग्नांचा.

शहरातल्या बांधकामाला असा हंगाम नसतो, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकमध्ये मजुरांची मागणी वाढलेली आहे. तुमचा अभ्यास या कामांच्या काळात होत असेल तर ते प्रबंधात स्पष्ट लिहा, म्हणजे वाचणारा हे कायमचे चित्र समजणार नाही.

घरयादी

तीस ते साठ घरांचा एक पाडा घ्या. दोघींनी मिळून चार दिवसांत यादी होते. प्रत्येक माणसापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा आणि त्या महिन्यातल्या जास्तीत जास्त रात्री कुठे झोपली ते एका अक्षराने भरा : पाडा, बाग, बांधकाम, वसतिगृह, माहेर, शहरातली खोली. रात्री मोजायच्या, दिवस मोजायचे नाहीत, हा नियम सुरुवातीलाच पक्का करा. नाहीतर रोज ये-जा करणारी आणि मुक्कामी राहणारी एकाच खान्यात जातात.

यादीत हमखास गळतात त्या मुली. घरातल्या माणसांची नावे विचारली की लग्न होऊन गेलेली, वसतिगृहात असलेली किंवा कोणाबरोबर शहरात राहायला गेलेली मुलगी सांगितली जात नाही. म्हणून वेगळा प्रश्न ठेवा : “या घरात जन्मलेल्या सगळ्या मुली सांगा, थोरलीपासून. आज कोण कुठे आहे?” सासूने सुनेबद्दल दिलेले उत्तर तात्पुरते धरा. “ती घरीच असते” म्हणणाऱ्या घरातली सून तीन महिने बागेवर असते, आणि सासूच्या मनात ते ‘जाणे’ नसतेच, कारण मुलगा गेला तशी ती मागे गेली. सुनेला स्वतंत्र विचारा, पाण्याच्या वाटेवर किंवा चुलीपाशी.

लग्नाची तारीख विचारताना जपून. खर्चापायी लग्नाचा विधी मागे ठेवून जोडपी संसार करतात, पुढे लेकरे झाल्यावरही लग्न लागते. “या घरात राहायला कधी आलात?” असे विचारले तर उत्तरही नीट मिळते आणि बाईला लाजही वाटत नाही.

मुलाखत आणि साल काढणे

यादीतून पंचवीस-तीस बायका निवडा. गेलेल्या जितक्या, तितक्याच न गेलेल्या किंवा जाऊन परत आलेल्याही हव्यात. त्यांतल्या सहा-आठ जणींना वर्षभर धरून ठेवा.

साल विचारून साल मिळत नाही. एक लांब कागद घ्या आणि त्यावर सर्वांना आठवणाऱ्या घटना आधीच टाका : २०१५ चा कुंभमेळा, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मार्च २०१८ चा नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा (सुरगाणा-पेठच्या कितीतरी बायका त्यात चालल्या), मार्च २०२० चा लॉकडाऊन. त्याखाली लेकरांचे जन्म, सासऱ्याचे आजारपण, विहीर किंवा घरकुल. महिन्यांसाठी वाघबारस, डोंगऱ्या देव, शिमगा, आखाजी. मग विचारा, मोर्च्याच्या वर्षी तुम्ही कुठे होता, थोरला तेव्हा केवढा होता. दोन खुणांच्या मध्ये घटना बसली की वर्षभराच्या फरकाने साल निघते. तेवढे पुरे. त्याहून नेमकेपणाचा आव आणू नका.

‘स्थलांतर’ हा शब्द प्रश्नात नको. कामाला कुठे गेलात, कोणासोबत, तिथे रात्री कुठे निजलात, स्वयंपाक कोणी केला, लेकरू कोणी धरले, पाळी आली तेव्हा काय केले, दुखले-खुपले तर कोणाला सांगितले, असे उतरत या. कामाचे नाव नेमके घ्या. ‘द्राक्षाचे काम’ म्हणजे पेस्ट लावणे, फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढणे, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), थिनिंग (घडातले जादा मणी काढणे), काढणी यांतले कोणतेही असेल, आणि प्रत्येकाची मजुरी व शरीरावरचा ताण निराळा. छाटणीनंतर काडीला लावायच्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असते. हातमोजे मिळाले का, कातडीला काय झाले, हे मुद्दाम विचारा. आपण होऊन बायका ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते कामाचाच भाग असते.

पैसा : हजेरी, उक्ते, उचल, खर्ची

“महिन्याला किती मिळतात?” या प्रश्नाला मिळालेला आकडा फेकून द्या. टोळीचा पैसा बहुधा जोडीचा म्हणून धरला जातो आणि पुरुषाच्या किंवा मुकादमाच्या हातात पडतो. बाईला तिचा वेगळा आकडा माहीत नसतो, कारण तो वेगळा काढलेलाच नसतो. तो तुम्ही तिच्यासोबत बसून काढायचा.

समजा, पाच जोडप्यांनी एका एकराचे थिनिंग १२,००० रुपयांना उक्ते (पूर्ण कामाची रक्कम आधी ठरवून) घेतले आणि तीन दिवसांत उरकले. दहा माणसे, तीन दिवस, म्हणजे माणशी रोज ४०० रुपये. शेतकरी हाच आकडा सांगेल. पण पुढची बाग तयार नसल्याने चौथा दिवस टोळी शेडमध्ये बसून राहिली, तर तेच ३०० होतात. त्यातून मुकादमाचा हिस्सा आणि गाडीभाडे जाते. आठवड्याच्या बाजाराला दिलेली खर्ची आणि आधी घेतलेली उचल शेवटच्या हिशोबात वळती होते. म्हणून नोंद दिवसागणिक हवी, बसून काढलेल्या दिवसांसकट. वही टोळीतल्या ज्या पोराला लिहिता येते त्याच्याकडे असते. त्याची परवानगी घेऊन वहीवरून स्वतः उतरवून घ्या, फोटो काढू नका. त्या पानावर दहा जणांची नावे असतात.

हजेरीवर (रोजंदारीवर) काम असेल तर बाईची आणि पुरुषाची हजेरी दोन्ही विचारा, आणि स्वयंपाकासाठी तासभर आधी उठणे व कामानंतर पाणी भरणे हे कोणाच्या हिशोबात आले तेही.

शहरात : खोली आणि गोणी

पाड्यावरून मिळालेल्या पत्त्यावर शहरात या. पेठ, दिंडोरी, त्र्यंबककडचे रस्ते जिथे नाशिकमध्ये शिरतात, त्या बाजूंना एकाच पाड्यातल्या खोल्या शेजारी-शेजारी सापडतात. खोलीचा नकाशा हाताने काढा. किती बाय किती, किती जण झोपतात, मोरी आत की बाहेर, नळाला पाणी किती वाजता, संडास सार्वजनिक असेल तर रात्री कोण सोबत जाते, डिपॉझिट कोणी भरले, करार कोणाच्या नावावर. घरमालकाने जात विचारली होती का, आणि काय सांगितले, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

मग गोणी. गावाहून आलेली प्रत्येक गोणी, पिशवी, डबा नोंदवा : नागली, तांदूळ, उडीद, खुरासणीचे तेल, सुकवलेली भाजी, किती किलो, कोणासोबत, एसटीने की दूध-भाजीच्या पिकअपने. उलट दिशेने काय गेले तेही : ताडपत्री, औषधे, वह्या, मोबाइलचे रिचार्ज, रोख रक्कम. सहा महिने ही नोंद ठेवली तर शहरातल्या तुटपुंज्या मजुरीवर घर कसे चालते त्याचा उलगडा होतो. नागलीचे पीठ विकत घ्यावे लागले असते तर खर्च किती वाढला असता, ते दुकानातल्या भावाने मांडून पाहा. शिवाय, कोणत्या घराची गोणी बंद झाली आणि का, यातून गावाशी तुटलेले नाते बाईने न सांगताही दिसते. वाटणी, भांडण, किंवा जमातीबाहेरचे लग्न.

कागदांची स्वतंत्र यादी करा. रेशन कार्डात नाव माहेरी की सासरी? असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्ड आहे का? बांधकामावर असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी झाली का, कारण त्यासाठी मागच्या वर्षातले ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र लागते आणि नाका बदलणाऱ्या बाईला ते कोण देणार, हा खरा प्रश्न असतो. वनहक्काचा पट्टा २००६ च्या कायद्याने पती-पत्नी दोघांच्या नावे व्हायला हवा. प्रत्यक्ष कागदावर तिचे नाव आहे का, आणि ग्रामसभा झाली तेव्हा ती पाड्यावर होती का? मुलांच्या जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वडिलांकडचा पुरावा लागतो. नवऱ्याने सोडलेल्या आणि शहरात एकट्या राहणाऱ्या बाईला तो मिळवायला कोणाच्या दारात जावे लागते, यावर वेगळा लेख होईल.

परवानगी, संमती, आणि कायद्याची एक बाजू

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घेऊनच निघा. पाड्यावर ग्रामसभेत उभे राहून विषय सांगा. पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) सरपंचाला परस्पर भेटून भागवू नये. वसतिगृहासाठी आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, अर्ज आधीच टाका. संमती तोंडी घ्या आणि रेकॉर्ड करा. सही-अंगठा मागितला की कर्ज आणि जमिनीचे कागद डोळ्यांपुढे येतात आणि बाई गप्प होते.

अठरा वर्षांखालच्या मुलींबाबत आधीच ठरवा. पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार दोन्ही हवेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती कळवणे बंधनकारक आहे, संशोधकालाही. सोळाव्या वर्षी संसाराला लागलेली मुलगी समोर बसली की हा प्रश्न उभा राहतो. “तू सांगशील ते कोणालाही सांगणार नाही” असे सरसकट वचन म्हणूनच देऊ नका. काय गुप्त ठेवता येईल आणि काय नाही, ते बोलणे सुरू होण्यापूर्वी तिला कळले पाहिजे.

मजुरीचा दिवस मोडू नका. नाशिकला बुधवारचा बाजार, पावसाने बंद पडलेले काम, रविवारची दुपार साधा. दिवस मोडावाच लागला तर तिची हजेरी भरून द्या, आणि सगळ्यांना तोच नियम लावा. बागेवर किंवा साइटवर मालकाच्या ओळखीने गेलात तर तुम्ही मालकाचे माणूस ठरता. टोळीच्या ओळखीने जा आणि मालकाला नंतर भेटा. दुभाषी बाई शेजारच्या पाड्यातली घ्या. गावच्या आशाताई मदतीला तत्पर असतात, पण त्यांच्यासमोर घरातले बाळंतपण, न घेतलेली लस अशा गोष्टी झाकल्या जातात. संशोधक पुरुष असेल तर बायकांच्या मुलाखती सहकारी बाईनेच घ्याव्यात आणि त्याने मुकादम, ड्रायव्हर, शेतकरी यांचा भाग उचलावा.

लिहून काढणे

तासाभराचे रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात, कोकणी-डांगी बोली असेल तर आठही लागतात. बोली आहे तशी देवनागरीत लिहा आणि बाजूला प्रमाण मराठी द्या. ती पुसून फक्त प्रमाण मराठी ठेवले तर सहा महिन्यांनी ‘ती नाराज होती’ एवढेच उरते, ती काय म्हणाली ते जाते. दिवसभराच्या टिपणांचा विस्तार त्याच रात्री करा.

नाव बदलणे पुरत नाही. चाळीस घरांच्या पाड्यात ‘दोन मुली, नवरा बांधकामावर वारला, आता अंबडला काम’ एवढ्यावर कोणीही त्या बाईला ओळखतो. आडनावावरून गाव आणि जमात दोन्ही कळतात. पाड्याचे नाव बदला, तालुका ठेवा, मुलांची संख्या किंवा कामाची जागा हलवा, आणि काय हलवले त्याची किल्ली वेगळ्या कुलूपबंद फाइलीत ठेवा. मुकादम, मालक आणि घरमालक यांच्याबाबतही तेच करा, कारण मुकादम ओळखू आला की पुढच्या हंगामात कोणाला गाडीत घ्यायचे नाही ते तो ठरवतो.

मसुदा तयार झाला की शिमग्याला, टोळ्या परत आलेल्या असताना, पाड्यावर वाचून दाखवा. बायकांना वेगळे बसवून एकदा आणि सगळ्यांसमोर एकदा. पैशाचे आकडे फळ्यावर मांडा, तिथे दुरुस्त्या सर्वांत जास्त निघतात. एखादीने आपला भाग काढायला सांगितले तर तिथल्या तिथे काढा, तिला कारण विचारू नका.